उलटी पाचर

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर, तीन वाड्या होत्या. वाड्यांवर म्हशी होत्या, दूधही भरपूर होतं, पण ते खाली आणायला धड रस्ता नव्हता. बैलगाडीची जुनी वाट होती, तीही दर पावसाळ्यात थोडी थोडी वाहून जायची. गावातला एक माणूस त्या वाटेवर जीप चालवायचा. पहाटे रिकामे कॅन घेऊन वर जायचा, उजाडता उजाडता भरलेले कॅन घेऊन उतरायचा आणि डांबरी सडकेला लागून संघाच्या शीतकरण केंद्रावर दूध पोचवायचा. लोक त्याला दूधवाला म्हणायचे.

जीप जुनी होती. विलीज कंपनीच्या परवान्यावर महिंद्रांनी आपल्याकडे ज्या जीपा बांधल्या, त्यांच्या घराण्यातली. लहान चॅसिस, जाड पत्रा, हवा तेव्हा चारही चाकांना जोर. तिचा स्पीडोमीटर कधीचा बंद पडला होता आणि तो दुरुस्त करावा असं दूधवाल्याला कधी वाटलं नव्हतं. त्या वाटेवर वेग मोजायचा कशाला?

एका पावसाळ्याने वाटेतली माती धुऊन नेली आणि धोंडे उघडे पडले. जीपचं पोट घासायला लागलं. चारही चाकांना जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर पेटीच्या खालची आडवी पट्टी दर खेपेला एका ठरलेल्या धोंड्यावर आपटायची. दूधवाल्याने धोंडा फोडून पाहिला, पण तो काळा पाषाण पहारीला दाद देईना. मग तो तालुक्याला पाटेवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "गाडी उचलून दे."

पाटेवाल्याने पुढच्या-मागच्या कमानींत एकेक पाटा वाढवला, शॅकल लांब केले, टायर एक नंबर मोठे चढवले. पाट्यांवर जीप तीन इंच उंच झाली. गाडीत असे फेरफार करायचे तर कायदा आधी परवानगी मागतो, हे पाटेवाल्याला ठाऊक होतं. पण त्या वाटेवर आरटीओचा माणूस कधी चढला नव्हता, आणि चढलाच असता तर त्यालाही आधी स्वतःची जीप उचलून घ्यावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी जीप धोंड्यावरून अलगद गेली. दूधवाला खूश झाला. पण घाट उतरून डांबरीवर गाडीने जरा वेग घेतला, तशी सीटखाली बारीक थरथर सुरू झाली आणि मागे कॅनची झाकणं वाजू लागली. वेग कमी केला की थांबायची, वाढवला की पुन्हा यायची. काही दिवस त्याने तिकडे काणाडोळा केला. मग थरथर वाढली, आणि केंद्रावरचे लोक म्हणायला लागले, "तू दूध आणतोस की घुसळून लोणी आणतोस?"

तेव्हा दूधवाला टायरवाल्याकडे गेला. टायरवाला म्हणाला, "टायर मोठे टाकलेस ना, मग दुसरं काय असणार?" त्याने चारही चाकं उतरवली, मशीनवर फिरवली, शिशाचे तुकडे ठोकले. काम चोख केलं. स्टीअरिंगमध्ये जी थोडी लवलव होती ती गेली. सीटखालची थरथर तशीच राहिली.

मग तो गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाल्याने मागचा प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून बघितला आणि म्हणाला, "क्रॉस गेलेत." त्याने शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस नवे घातले, निपलमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरलं. जुने क्रॉस खरोखरच झिजलेले होते. पण थरथर तशीच राहिली.

मग लेथवाल्याची पाळी आली. त्याने शाफ्ट उतरवून लेथवर चढवला, कुठे वाकलाय का ते डायलने बघितलं, बॅलन्ससाठी वजनाची एक चकती वेल्ड केली आणि क्रॉसला धरणारे दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना, तेही तपासून दिलं. थरथर गेली नाही. दूधवाल्याचा आता तोल सुटला. त्याने लेथवाल्याला तोंडावर सांगितलं, "काका, काम झालं नाही. निम्मे पैसे देतो, उरलेले विसरा." लेथवाला गप्प राहिला. निम्मे पैसे त्याने टेबलावरच पडू दिले.

शेवटी दूधवाला पुन्हा पाटेवाल्याकडे आला. पाटेवाल्याने गाडी जॅकवर घेतली, खाली शिरला आणि हसत बाहेर आला. "शाफ्ट बघ किती मोडतोय डिफरन्शियलपाशी. गाडी वर गेली, एक्सल खाली राहिला. आता त्याचं तोंड वर करतो, सांधा सरळ होईल." मागच्या एक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी पाचर घातली, जाड कड पुढे करून. डिफरन्शियलचं तोंड वर उचललं गेलं. खालचा सांधा जवळजवळ सरळ दिसायला लागला. बघणाऱ्या कुणालाही पटावं असंच ते काम होतं.

त्या दिवशी डांबरीवर जीप अशी थरथरली, की दूधवाल्याला जात्यावर बसल्यासारखं वाटलं. एका कॅनचं झाकण उडून रस्त्यावर घरंगळत गेलं.

त्याच गावात एक म्हातारा मिस्त्री राहत होता. एसटीच्या डेपोत त्याने उभा जन्म काढला होता. आता घरासमोरच्या छपरात बसून तो पंपांची, मळणीयंत्रांची कामं करायचा. हाताखाली एक पोरगा होता, त्याला तो बारक्या म्हणायचा. दूधवाला जीप घेऊन आला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. टायर, क्रॉस, लेथ, पाचर, आणि कुणी किती लुबाडलं.

मिस्त्रीने विचारलं, "थरथरते कधी?"

"सारखीच थरथरते."

"आता थरथरतेय?"

"आता उभी आहे ना!"

"मग सारखी कशी म्हणतोस?"

दूधवाला गप्प झाला. इतक्या दिवसांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. कोण वाईट आहे, एवढंच सगळ्यांनी शोधलं होतं.

मिस्त्रीने पाना हातात घेतलाच नाही. त्याने कॅन पाण्याने भरायला लावले, कारण जीप खाली येताना भरलेली असते. चाळीस लिटरचे सहा कॅन भरेपर्यंत बारक्याची कंबर मोडली. मग मिस्त्री मागे फरशीवर बसला, एक तळवा पत्र्यावर टेकवून. बारक्याला त्याने मोटरसायकलवर बाजूने यायला सांगितलं. "तुझ्या काट्यावर वीस झाले की एक बोट दाखव, तीस झाले की दोन."

तीन बोटांपर्यंत, म्हणजे चाळीसपर्यंत, काही नव्हतं. चाळीस ओलांडले तशी फरशी बोलायला लागली. पंचेचाळीसला सगळ्यात जास्त. मिस्त्री ओरडला, "आता गिअर काढ, नुसती सोड!" दूधवाल्याने न्यूट्रल केलं. इंजिनाचा आवाज खाली गेला, थरथर थोडी हलकी झाली पण गेली नाही. मग मिस्त्रीने त्याच वेगाला एक गिअर खाली घालायला लावला. इंजिन ओरडलं, थरथर आहे तेवढीच राहिली. मग म्हणाला, "आता जोर दे." अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याबरोबर ती दुप्पट झाली.

गाडी थांबल्यावर त्याने बारक्याला विचारलं, "काय समजलं?"

बारक्या म्हणाला, "गाडी खराब आहे."

"इंजिनाची चाल बदलली तरी थरथर बदलत नाही. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. चाकं फिरतात त्याच्याशी तिचं नातं आहे. आता चाक की शाफ्ट? चाक म्हणशील तर पंचेचाळीसला ते सेकंदाला पाचएक वेळा फिरतं. त्यात खोट असेल तर धब धब असं येतं, पाय टेकून मोजता येईल असं. मला मोजता आलं नाही. नुसती घरघर होती. या जीपचा शाफ्ट चाकाच्या पाचपटीहून जास्त फिरतो. सेकंदाला पंचवीस-तीस."

बारक्याला हिशेब पटला, पण शाफ्ट तर नुकताच लेथवरून आला होता. मिस्त्री म्हणाला, "मग शाफ्टलाच विचारू." चाकाला दगड लावला, कारण या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफरच्या मागच्या ड्रमवर असतो, आणि शाफ्ट काढला की तो मागच्या चाकांना धरत नाही. बारक्याने मागच्या शाफ्टचे बोल्ट सोडले. शाफ्ट काढून फरशीवर ठेवला. मग पुढचा एक्सल जोडून, फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर जीप डांबरीवर नेली. चाळीस झाले. पंचेचाळीस झाले. पन्नास झाले. झाकणं गप्प होती.

दूधवाला आनंदाने ओरडला, "सापडला! शाफ्टच खराब! मी म्हणत नव्हतो, त्या लेथवाल्याने..."

"थांब," मिस्त्री म्हणाला.

छपरात येऊन त्याने शाफ्ट मांडीवर घेतला. जेमतेम दोन फुटांचा तो शाफ्ट. क्रॉस बोटांनी चारही दिशांना फिरवून बघितला, कुठे अडखळ लागते का ते. क्रॉसच्या टोपीत बारीक सुया असतात, त्यांनी टोपीत खड्डे पाडले की हाताला खटका लागतो. खटका नव्हता. योक एका रेषेत होते. वजनाची चकती पक्की होती. डिफरन्शियलच्या पिनियनचं तोंड हाताने वर-खाली ओढलं, खेळ नव्हता. त्याने शाफ्ट खाली ठेवला आणि म्हणाला, "यात काही खोट नाही. लेथवाल्याने झकास काम केलंय."

बारक्या वैतागला. शाफ्ट काढला की थरथर जाते, आणि शाफ्टमध्ये खोट नाही. असं कसं होईल?

मिस्त्रीने गोटी पान्यांची पेटी उघडली. त्यातला वाकणारा सांधा काढून त्याला एका बाजूला दांडी, दुसऱ्या बाजूला गोटी लावली. दोन्हींवर खडूने रेघ मारली. "सरळ धर आणि फिरव." दांडी फिरली तेवढीच गोटी फिरली. मग त्याने सांधा चांगला वाकवून धरला. "आता अर्धापाव फेरा दे." बारक्याने दिला. दांडीवरची रेघ जिथे गेली, तिच्या पुढे गोटीवरची रेघ निघून गेली. आणखी तेवढाच फेरा दिला तशा दोन्ही पुन्हा बरोबर आल्या. आणखी दिला, तर गोटीवरची रेघ मागे राहिली. बारक्या डोळे बारीक करून बघत राहिला. सांधा वाकला की एका फेऱ्यात पलीकडची बाजू दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. रॉबर्ट हुक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला हे सतराव्या शतकातच कळलं होतं, म्हणून त्या सांध्याला हुकचा सांधाही म्हणतात. मिस्त्रीला हुक ठाऊक नव्हता. डेपोत त्याच्या वस्तादाने त्याला अशीच रेघ मारून दाखवली होती.

"मग प्रत्येक गाडी थरथरली पाहिजे," बारक्या म्हणाला.

"म्हणून तर सांधे दोन असतात." मिस्त्रीने पेटीतला दुसरा तसलाच सांधा पहिल्याला जोडला. दांडी आणि गोटी समांतर राहतील असे दोन्ही सांधे सारखे वाकवले, आणि दोन्हींचे योक एका रेषेत घेतले. "आता फिरव." मधला तुकडा धावत, रेंगाळत फिरत होता, पण दांडीबरोबर गोटी रेघेला रेघ लावून चालली होती. "वरचा सांधा जेवढं बिघडवतो तेवढं खालचा भरून काढतो. पण दोघं सारखे वाकले तरच. आता बघ." त्याने दुसरा सांधा सरळ केला, पहिला वाकलेलाच ठेवला. गोटी पुन्हा पुढे-मागे व्हायला लागली.

दूधवाला दारात उभा होता. त्याने जीपखाली बघितलं. खालचा सांधा सरळ दिसत होता. त्याला तो आता वेगळा दिसला.

मिस्त्री म्हणाला, "बारक्या, तुझी शाळेची कंपासपेटी आण."

पेटीतला अर्धवर्तुळ कोनमापक निघाला. मिस्त्रीने त्याच्या मधल्या भोकात दोरा ओवला, दोऱ्याला एक नट बांधला. झाला ओळंबा. शाफ्ट परत चढवला, कॅन पाण्याने भरलेलेच ठेवले आणि जीप सपाट जागी चारही चाकांवर उभी केली. पाटेवाल्याने जॅकवर घेऊन बघितलं होतं. जॅकवर एक्सल लोंबतो, आणि लोंबणाऱ्या एक्सलचा कोन रस्त्यावरचा कोन नसतो. मिस्त्री पाठीवर आडवा होऊन खाली शिरला. कोनमापकाची सपाट कड आधी ट्रान्सफरच्या फ्लँजला लावली, मग शाफ्टच्या नळीला, मग डिफरन्शियलच्या फ्लँजला. नट हलायचा थांबेपर्यंत थांबायचा आणि आकडा सांगायचा. बारक्या पत्र्यावर खडूने लिहायचा.

ट्रान्सफर मागे कलला होता 3 अंश. शाफ्ट 15 अंश. डिफरन्शियलचं तोंड वर उचललेलं 10 अंश.

"वजाबाकी कर."

बारक्याने केली. वर शाफ्ट आणि ट्रान्सफर यांच्यात 12. खाली शाफ्ट आणि डिफरन्शियल यांच्यात 5.

"वरचा बारा वाकतो, खालचा पाच. बारा अंशांत शाफ्टची चाल शेकडा दोन इकडे, शेकडा दोन तिकडे होते. पाच अंशांतला सांधा त्यातलं पाव हिश्शाइतकंसुद्धा भरून काढत नाही. उरलेलं सगळं फरशीत येतं. आणि जोर दिला की डिफरन्शियल आणखी तोंड वर करतं, म्हणून थरथर दुप्पट होते." मिस्त्री बाहेर आला, पाठ झटकली. "पाट्याला लांब शॅकल लावले तेव्हाच तोंड तीनएक अंश वर गेलं होतं. तिथून थरथर सुरू झाली. पाचर घातली, आणखी चार अंश वर गेलं."

"पण त्याने तर सांधा सरळ केला होता," दूधवाला म्हणाला.

"एकच केला. ज्या शाफ्टला वर दुहेरी सांधा असतो, त्याला खालचं तोंड असं सरळ रोखावं लागतं. तिथे त्याचं बरोबर ठरलं असतं. इथे वर एकच सांधा आहे. आणि सांधा अगदी सरळ असूही नये. आतल्या सुया फिरतच नाहीत, एकाच जागी बसून टोपी खातात. सांध्याचं कामच वाकणं."

मग उपाय ठरला. मिस्त्रीने आधी विचारलं, "तीन इंच कशाला उचलली?" दूधवाल्याने धोंड्याची कथा सांगितली. "धोंडा किती इंचांनी चुकतो आता?" ते दूधवाल्याने कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खाली येताना त्याने त्या धोंड्यावर ओल्या शेणाचा उंच गोळा ठेवला, वरून जीप नेली आणि मागे येऊन गोळ्याची उरलेली उंची वितीने नाही, पट्टीने मोजली. पावणेदोन इंच. म्हणजे एक इंच सोडून दिला तरी पोट घासणार नव्हतं.

"मधला शाफ्ट धावणार, रेंगाळणार, ते काही चुकत नाही," मिस्त्री म्हणाला. "दोन्ही टोकं सारखी झाली तरी तो बिचारा मध्ये हेलकावतोच. म्हणून कोन जितका कमी तेवढं बरं. तुला नको असलेला एक इंच परत दे."

शॅकल आखूड केले, तशी जीप एक इंच खाली आली. दोन फुटांच्या शाफ्टला एक इंच म्हणजे दोन अंशांहून थोडं जास्तच, त्यामुळे शाफ्टचा कल 13 वर आला. पाटेवाल्याची पाचर काढली. ती नसताना, आणि शॅकलही आखूड झाल्यामुळे, डिफरन्शियलचं तोंड 5 अंशांवर राहिलं; ते 3 वर आणायचं होतं, ट्रान्सफरच्या बरोबरीला. मिस्त्रीच्या भंगाराच्या डब्यात लॉरीच्या पुढच्या एक्सलवर घालतात तसल्या दोन अंशांच्या पाचरींची जोडी होती. बारक्याने ती रॉकेलमध्ये धुतली, कडेची खरड कानसीने काढली. बसवायच्या वेळी त्याने जाड कड पुढे धरली.

"उलटी," मिस्त्री म्हणाला.

"उलटी घातली तर तोंड खाली जाईल. सांधा आणखी मोडेल."

"मोडू दे."

पाचर जाड कड मागे करून बसली. सेंटर बोल्ट भोकात शिरला, यू-बोल्ट आळीपाळीने आवळले. खालचा सांधा आता चांगलाच वाकलेला दिसत होता. बारक्याने स्वतः कोनमापक लावला. 3, 13, 3. वर 10, खाली 10.

डांबरीवर गेले तेव्हा मिस्त्री मागे बसलाच नाही, पुढे बसला. बारक्या बाजूने मोटरसायकलवर. तीन बोटं झाली, मग चार. पंचेचाळीस कधी आले आणि गेले ते दूधवाल्याला कळलं नाही. साठाच्या पुढे फरशीत थोडी घरघर आली, ती राहिलीच. मिस्त्री म्हणाला, "दूध घेऊन साठाच्या पुढे जायचं कशाला?" त्याने आणखी एवढंच बजावलं, की शंभरेक किलोमीटर गाडी पळाली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घे, नवी पाचर दबते.

या गोष्टीत वाईट काम कुणीच केलं नव्हतं. टायरवाल्याने टायर नीट केले, गॅरेजवाल्याने झिजलेले क्रॉस बदलले, लेथवाल्याने शाफ्ट सरळ राखला, पाटेवाल्याने तर डोळ्यांसमोरचं वाकडं दूर केलं. प्रत्येकाने आपल्या हाताशी आलेलं टोक बघितलं. दोघांनी मिळून ओढायचं काम असलं की एकाकडे बघून सरळ-वाकडं ठरवता येत नाही, आणि त्यातला एक सरळ उभा राहिला की वाकण्याचा सगळा भार दुसऱ्यावर जातो. भावकीत, भागीदारीत, नवरा-बायकोतही थरथर सुरू झाली की आपण आधी खराब भाग शोधतो. ती कधी सुरू होते, कशाने वाढते, हे विचारायला थोडं थांबावं लागतं, आणि थांबायला कुणाला वेळ असतो?

दूधवाल्याला मात्र लेथवाल्याचा हिशेब आठवत होता. पुढच्या बाजारच्या दिवशी तो त्याच्या दुकानी गेला आणि अडवलेले निम्मे पैसे टेबलावर ठेवले. "काका, शाफ्ट चांगला होता तुमचा."

लेथवाल्याने पैसे मोजून गल्ल्यात टाकले. मग त्याला राहवेना. "मग खोट कशात निघाली?"

"कशातच नाही."

लेथवाल्याला हे उत्तर आवडलं नाही. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, हात पुसत बाहेर आला आणि जीपखाली डोकावला. बराच वेळ बघत राहिला. मग खालूनच ओरडला, "अरे, ही पाचर उलटी बसवलीय कुणीतरी! सांधा बघ किती मोडतोय. थांब, तेवीसचा पाना आण रे कुणीतरी, आत्ता सरळ करून देतो."

दूधवाल्याने वाकून त्याचा हात धरला. "काका, हात लावू नका. आधी गाडीत बसा."

"कशाला?"

"चला तर खरं. पंचेचाळीसपर्यंत जाऊन येऊ."